पाट रोज साफ करावा लागतो

रविवारची मिस्सा चालू असते. शास्त्रवाचन होत असते, सारे शांत असतात. तेवढ्यात मागच्या बाकावरून खोकल्याची उबळ येते. साधा ठसका नव्हे. खोल छातीतून येणारा, ओला, लवकर न थांबणारा खोकला. दहा-बारा माना मागे वळतात. कुणी नाकाला रुमाल लावतो. एखादी आई लेकराला जवळ ओढते. खोकणारा माणूस उठतो आणि खाली मान घालून बाजूच्या दाराने बाहेर जातो. वाचन पुढे चालू राहते. आपल्या सर्वांना जरा सुटल्यासारखे वाटते.

असेच एक काका मागच्या पावसाळ्यापासून चर्चमध्ये दिसेनासे झाले. पूर्वी ते गायकवृंदात होते. नंतर दम पुरेना म्हणून त्यांनी गाणे सोडले आणि मागच्या बाकावर बसू लागले. आम्ही एकदा त्यांना वाटेत गाठून मोठ्या मायेने म्हणालो होतो, "काका, कशाला एवढी दगदग? घरी आराम करा. मोबाईलवर मिस्सा बघा. देव समजून घेतो." त्यांनी मान डोलावली. त्यानंतर ते आलेच नाहीत.

ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. काकी दारातच म्हणाल्या, "फादर, जरा थांबा हं, त्यांचं काम चाललंय." आम्हाला वाटले, वाडीत काही काम असेल. काका पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांनी आधी यंत्राने मिठाच्या पाण्याची वाफ घेतली होती. आता ते खांदे सैल सोडून हळूहळू श्वास घेत होते. मग तीन-चार दीर्घ श्वास, प्रत्येक श्वास क्षणभर रोखून धरलेला. मग तोंड उघडे ठेवून, आरशावर वाफ सोडावी तसा, 'हाऽऽ' असा जोराचा उच्छ्वास. पुन्हा शांत श्वास. पुन्हा तेच. काकी घड्याळाकडे बघत होत्या. मधूनच कफ सुटे आणि तो झाकणाच्या डब्यात जाई. काका त्याचा रंग बघत आणि काकींना सांगत, "आज पांढराच आहे."

पंचवीस मिनिटांनी त्यांनी तोंड धुतले, चहा घेतला आणि आम्हाला म्हणाले, "झालं फादर. आता वाडीत जाईन. अळूची पानं काढायची आहेत."

आम्ही विचारले, "हे रोज?"

"रोज. सकाळी पंचवीस मिनिटं, संध्याकाळी पंधरा. लग्न असो, मयत असो, सण असो."

मग थोडे थांबून ते म्हणाले, "फादर, तुम्ही आराम करा म्हणालात. मी आराम केला असता तर आज तुम्ही मला आजाऱ्यांचा अभ्यंग द्यायला आला असता."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाची बरीच पुस्तके वाचली. पण माणसाने 'सक्रिय' असणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न इतका उघडा होऊन आमच्यापुढे कधी आला नव्हता. या रविवारी तो आपणा सर्वांपुढे ठेवतो.

आत काय बिघडलेले असते?

काकांना तरुणपणी क्षयरोग झाला होता. औषधांचा पूर्ण कोर्स घेऊन तो बरा झाला. पण जाताना तो फुप्फुसात खुणा ठेवून गेला. श्वासनलिकेच्या काही फांद्या कायमच्या रुंद आणि सैल झाल्या. या विकाराला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. १८१९ साली त्याचे वर्णन करणारा फ्रेंच डॉक्टर रने लाएनेक हा स्टेथोस्कोपचा जनक. १८१६ साली पॅरिसमध्ये त्याने कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि आतला आवाज ऐकला. छातीचे रोग कान देऊन ऐकणारा हा माणूस १८२६ साली स्वतः क्षयानेच गेला.

आपल्या देशात हा विकार बऱ्याच वेळा क्षयाच्या मागून येतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील एका मोठ्या नोंदणीत २,१९५ रुग्ण होते. त्यांतील सुमारे ३५ टक्के लोकांच्या आजाराचे मूळ जुन्या क्षयात होते. बाकीच्यांत लहानपणीचा न्यूमोनिया आणि इतर कारणे होती. म्हणजे हा दूरदेशीचा, दुर्मिळ आजार नाही. तो आपल्या गल्लीत, आपल्याच बाकावर बसलेला असू शकतो.

निरोगी माणसाच्या श्वासनलिकांच्या आत डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते अखंड हलत असतात. धूळ आणि जंतू चिकटलेला ओलावा ते हळूहळू घशाकडे ढकलतात आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. रात्रंदिवस हा केर काढला जातो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. ज्याच्या नळ्या सैल झाल्या, त्याचा हा झाडू दुबळा होतो. कफ साचतो. साचलेल्या कफात जंतू वाढतात. जंतूंमुळे सूज येते, सुजेमुळे नळ्या आणखी बिघडतात, आणि आणखी कफ साचतो. हे चक्र कुठेतरी तोडावे लागते. जे काम शरीर आपोआप करत होते, ते आता माणसाने ठरवून, वेळ काढून, रोज करावे लागते.

आपल्या वाडीत पाट असतो. विहिरीला पाणी भरपूर आहे, पंपही चालू आहे; पण पाटात पाला आणि गाळ साचला तर शेवटच्या केळीपर्यंत पाणी पोहोचत नाही. वाडीवाला सकाळी आधी पाट मोकळा करतो. आज साफ केलेला पाट उद्या पुन्हा भरणार, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो कधी म्हणत नाही की साफ करून काय उपयोग?

काकांनाही फिजिओथेरपिस्टने हेच शिकवले. चालणे, वाडीत वाकणे-उठणे, जिना चढणे यांनी श्वास खोल जातो, कफ सुटायला मदत होते आणि पायांत बळ राहते. पण नुसते चालणे म्हणजे पाट साफ करणे नव्हे. आणि नुसता पाट साफ करून दिवसभर खाटेवर पडून राहिले, तर पाणी सोडायचे कोणाला? दोन्ही लागते. (पद्धत प्रत्येकाची वेगळी असते, ती जाणकाराकडूनच शिकावी. थुंकीत रक्त दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.)

हे 'काम' आहे का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रोज चाळीस मिनिटे छाती मोकळी करण्यात गेली. हा वेळ जगण्यातला धरायचा की जगण्यातून वजा करायचा?

आपण बहुतेक जण तो वजा करतो. आपल्या हिशेबात काम म्हणजे मागे काहीतरी उरणारी गोष्ट: घर बांधले, पगार आणला, पीक काढले. अॅरिस्टॉटलने फार पूर्वी एक फरक सांगितला. काही कृतींचे फळ कृतीच्या बाहेर असते, जसे घर बांधणे. काही कृतींचे फळ त्या कृतीतच असते, जसे चांगले जगणे. विसाव्या शतकात हाना आरेंट या विदुषीने आपल्या १९५८ सालच्या ग्रंथात आणखी एक गोष्ट दाखवली. देह जगवण्यासाठी केलेले श्रम मागे काहीच ठेवत नाहीत. ते केले की संपतात, आणि उद्या पुन्हा करावे लागतात. म्हणूनच मोठमोठ्या संस्कृतींनी ते श्रम हलके मानले आणि गुलामांवर, बायकांवर टाकले.

हे वाचताना आम्हाला आमच्या आईची आठवण झाली. पहाटे उठून तिने अंगण झाडले, भांडी घासली, पाणी भरले, भाकऱ्या भाजल्या. रात्री सारे पुन्हा होते तसेच. आणि घरी आलेला पाहुणा विचारी, "तुम्ही काय करता?" तर ती म्हणे, "काही नाही, घरीच असते." ज्या हिशेबाने आईचे काम 'काही नाही' ठरते, त्याच हिशेबाने काकांची सकाळ 'काही नाही' ठरते. चूक काकांची किंवा आईची नाही. हिशेब चुकीचा आहे.

इस्राएली लोकांना वाळवंटात मान्ना मिळत असे. तो रोज सकाळी वेचावा लागे. उद्यासाठी साठवला तर त्यात किडे पडत. प्रभूनेही आपल्याला रोजची भाकर मागायला शिकवले, वर्षाची नव्हे. जीवन साठवून ठेवता येत नाही, ते रोज स्वीकारावे लागते. निरोगी माणूस हे विसरू शकतो. काका विसरू शकत नाहीत. त्यांचे पंचवीस मिनिटांचे काम म्हणजे जगायला सुरुवात करण्याआधीची तयारी नव्हे. त्यांचा दिवस तिथेच सुरू झालेला असतो.

क्रूस वाहणे म्हणजे हातपाय गाळणे नव्हे

काही भाविक मंडळी म्हणतील, "दुखणे देवाने दिले आहे, ते निमूटपणे सोसावे. एवढे स्वतःच्या शरीराचे चोचले कशाला?" या बोलण्यात श्रद्धा आहे, पण गोंधळही आहे.

नळ्या रुंद झाल्या, त्या पुन्हा पूर्वीसारख्या होणार नाहीत. हा क्रूस. तो वाहायचा. पण त्या नळ्यांत साचलेला कफ हा क्रूस नव्हे. तो काढायचा. जे बदलत नाही ते स्वीकारणे आणि जे बदलता येते ते करणे, हे दोन वेगळे सद्गुण आहेत. एकाच्या नावाने दुसरा टाळला, की सहनशीलता आळसाचे पांघरूण बनते. प्रभूने वधस्तंभ वाहिला. तो पडला आणि पुन्हा उठला. क्रूसाच्या वाटेवर पडण्याची स्थाने आपण तीन मोजतो. उठण्याची वेगळी मोजत नाही, पण तीही तितकीच आहेत.

आपल्या नीतिशास्त्रात याविषयी जुना आणि समतोल विचार आहे. सोळाव्या शतकापासून धर्मपंडित सांगत आले की आपले आयुष्य जपण्यासाठी सर्वसाधारण, झेपेल असे उपाय करणे हे आपले कर्तव्य आहे. पराकोटीचे, भार होणारे उपाय करण्याची सक्ती नाही. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांपुढे बोलताना हेच तत्त्व मांडले, आणि विषय होता कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्राचा! म्हणजे श्वासाचा प्रश्न धर्मसभेपुढे नवीन नाही. रोज सकाळी 'हाऽऽ' करून कफ काढणे हा साधा, झेपणारा उपाय आहे. तो करण्यात स्वार्थ नाही. उद्या एखाद्याची वेळ भरत आली आणि त्याने, घरच्यांशी व डॉक्टरांशी बोलून, फळ न देणारे यंत्र नको म्हटले, तर त्यातही अविश्वास नाही.

आणि किळसेचे काय? कफ, बेडका, थुंकी हे शब्दही आपण चारचौघांत उच्चारत नाही. खाकरणाऱ्या माणसाला आपली स्वतःचीच किळस वाटू लागते. तो जेवणाच्या पंगतीतून उठतो, नातवाला जवळ घेत नाही. शुभवर्तमानात प्रभूने थुंकीने माती कालवून आंधळ्याच्या डोळ्यांना लावली, हे आपण ऐकत आलो आहोत. देहातून येणाऱ्या गोष्टींची त्याला किळस नव्हती. रस्त्यावर थुंकू नये, हे खरेच. झाकणाचा डबा किंवा कागदी रुमाल जवळ ठेवावा. पण स्वच्छता वेगळी आणि लाज वेगळी.

ज्याला उठता येत नाही, त्याचे काय?

इथे आम्हाला स्वतःलाच एक आडवा प्रश्न विचारावा लागतो. 'सक्रिय राहा' हा सल्ला सोपा आहे. तो देता देता आपण नवा जुलूम तर करत नाही ना? आज जो वाडीत जातो तो शहाणा, आणि जो खाटेवर आहे तो आळशी, अशी नवी विभागणी तर करत नाही ना?

काकांनी आम्हाला हेही सांगितले. वर्षातून एक-दोनदा, काळजी घेऊनही, ताप येतो. कफ हिरवा होतो. दोन-तीन आठवडे वाडी नाही, चालणे नाही. तेव्हा छाती मोकळी करण्याचे काम काकींच्या हातांच्या आधाराने होते. "त्या दिवसांत मला वाटतं," ते म्हणाले, "की मी कुणाच्याच उपयोगाचा नाही."

आम्ही त्यांना त्या दिवशी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. आता देतो. काका, माणसाची किंमत तो किती हालचाल करतो यावर ठरत नाही. ठरत असती, तर नुकत्याच जन्मलेल्या बाळाची किंमत शून्य झाली असती. हालचाल ही आपली योग्यता सिद्ध करण्याची परीक्षा नाही. ती आपल्या माणसांत राहण्याची, जगात सहभागी होण्याची एक वाट आहे. वाट मोकळी असेल तेव्हा चालावे; बंद असेल तेव्हा थांबावे. आपल्या मराठीने हे एका शब्दात साठवले आहे. 'दम' म्हणजे श्वास, आणि दम म्हणजे धीरही. कधी दम लागतो, तर कधी दम घ्यावा लागतो, आणि कधी दम धरावा लागतो. तिन्ही एकाच माणसाच्या आयुष्यातले आहेत. दम धरणे हेही काम आहे, आणि काकींनी त्या दिवसांत काकांसाठी धरलेला दम हे तर फार मोठे काम आहे.

आता आपली बाजू

इथवर आजारी माणसाच्या कर्तव्याविषयी बोललो. पण न्यायाचा काटा दुसऱ्या बाजूलाही आहे. काका चर्चमध्ये का येईनासे झाले? छातीमुळे नव्हे, हे आम्हाला त्यांच्या घरी कळले. पहिले कारण आपल्या वळणाऱ्या माना. दुसरे कारण आम्ही: आमचा तो मायेचा सल्ला. आणि तिसरे कारण ऐकून आम्ही ओशाळलो. सणाच्या मिस्सेत आम्ही मोठ्या हौसेने धूपदान हलवत मधल्या वाटेने जातो, आणि तो धूर त्यांच्या छातीत आठवडाभर राहतो!

आपल्याला भीती वाटते, की त्यांच्यापासून आपल्याला काही होईल. २०२० च्या महामारीनंतर तर प्रत्येक खोकला संशयाचा झाला. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर कुणीही तपासणी करून घ्यावी, हे योग्यच आहे. पण वर्षानुवर्षे उपचार घेत असलेल्या, तपासणी झालेल्या माणसाचा खोकला हा बहुधा त्याचा पाट साफ होण्याचा आवाज असतो. खरी गोष्ट उलटी आहे. आपली साधी सर्दी आपल्याला तीन दिवस शिंकायला लावते. तीच सर्दी काकांना लागली तर त्यांना दवाखान्यात पोहोचवू शकते. त्यांनी आपल्याला भ्यावे, असे कारण जास्त आहे. आणि तरी ते येऊ इच्छितात.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. बाजूच्या दाराजवळचे दोन बाक यापुढे ज्यांना मध्येच उठावे लागते त्यांच्यासाठी राखीव राहतील. तिथे पिण्याचे पाणी असेल. रविवारच्या शेवटच्या मिस्सेत धूप जाळला जाणार नाही, सण असला तरी. ज्यांची सकाळ छाती मोकळी करण्यात जाते, त्यांना हीच मिस्सा सोयीची आहे. सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात फटाके वाजणार नाहीत. आणि प्रवचन चालू असताना कुणाला खोकला आला, तर आम्ही थांबू. उबळ संपली की पुढे बोलू. आमचे प्रवचन तेवढे महत्त्वाचे नाही.

तुमच्याकडे आमचे मागणे थोडेच आहे. ताप-सर्दी असेल तेव्हा घरी राहा, किंवा तोंडाला मास्क लावून मागे उभे राहा. घरामागे सुका पाला आणि प्लास्टिक जाळू नका. तुमच्या कुंपणापलीकडे कुणाचा तरी श्वास आहे. घरी असा कुणी असेल, तर त्याच्या त्या पंचवीस मिनिटांत त्याला हाक मारू नका. 'अजून आवरलं नाही का?' असे म्हणू नका. आणि रस्त्यात तो थांबून दम घेत असेल, तर तुम्हीही थांबा. बोलायला लावू नका; नुसते सोबत उभे राहा.

माती घडवून परमेश्वराने तिच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकला, असे आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतो. हिब्रू भाषेत वारा, श्वास आणि आत्मा यांना एकच शब्द आहे. तो श्वास आपल्याला मिळालेले दान आहे, आणि दानाची राखण करावी लागते. बहुतेकांची राखण शरीर गुपचूप करते. काहींना ती स्वतःच्या हातांनी करावी लागते, आणि ते रोज सकाळी ती करतात, कुणी न बघता.

मागच्या रविवारी काका शेवटच्या मिस्सेला आले होते. प्रवचनात दोनदा खोकले. आम्ही दोनदा थांबलो. दुसऱ्या वेळी फारशा माना वळल्या नाहीत. शेवटच्या गीताला त्यांचे ओठ हलत होते. आवाज आमच्यापर्यंत आला नाही, पण काकी नंतर म्हणाल्या, "फादर, एक कडवं पूर्ण म्हटलं त्यांनी."